पाहून लिहिलेलं उत्तर

तनुजा खरातची तिसरीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. लॉकडाऊन लागलं, चौथी मोबाइलवर सुरू झाली, आणि स्क्रीनवरच्या छोट्याशा चौकोनात बाईंचे ओठ हलताना बघून ती रोज रडायला लागली. आवाज तुटक येई, कधी येतच नसे. एके दिवशी तिच्या आईनं, मेघानं, मोबाइल बंद करून कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "चल खाली. मीच शिकवते." शाळा पुन्हा उघडल्या तोवर दोघींची घडी चांगली बसली होती. या वर्षी पाठवू, पुढच्या वर्षी पाठवू असं करता करता मुलगी चौदा वर्षांची झाली.

खाली म्हणजे घराच्या तळमजल्यावर. भावसिंगपुऱ्यातल्या त्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत मेघाची पाणी आणि माती तपासायची प्रयोगशाळा होती. ती रसायनशास्त्राची एम.एस्सी. होती. वसाहतींमधले लोक बोअरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन येत, बिडकीनकडचे शेतकरी पिशव्यांमधून माती आणत. खिडकीजवळच्या टेबलावर तनुजा बसे. तिचे वडील संघपाल वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जात. ते घरी असले की गणित घेत, नसले की तेही मेघाच घेई.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. कोणताही आकडा लिहिला की तो कुठून आला तेही लिहायचं: मोजून, हिशेब करून, की तक्त्यातून घेऊन. मेघानं हाच नियम मुलीच्या अभ्यासाला लावला होता. उत्तर आठवून लिहिलं तर समासात 'आ'. विचार करून काढलं तर 'का'. पुस्तकात पाहून लिहिलं तर 'पा'. 'पा' लिहिण्यात कमीपणा काहीच नव्हता. जगातल्या सगळ्या गोष्टी कुणाच्या डोक्यात मावत नाहीत, म्हणून तर तक्ते असतात, असं मेघा म्हणे. पाहून लिहायचं आणि 'पा' टाकायचा नाही, एवढं मात्र चालत नसे. ते एकदाच घडलं होतं, आणि त्या दिवशी जेवण होईपर्यंत मेघा मुलीशी बोलली नव्हती.

हे सगळं तनुजाच्या आजोबांना, रामकिसनना, कधीच पटलं नाही. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि वरच्या मजल्यावर राहत.

"माझ्या बापानं मला शाळंत घालायला गाव सोडलं," ते सुनेला म्हणत. "अन् तुम्ही शिकलेली माणसं पोरीला शाळंतून काढून घरात बसवता."

"घरात बसवत नाही, मामा. घरी शिकवते."

"तेच की ते."

शेवटी शाळेत जायचं ठरवलं ते तनुजानं. उन्हाळ्यात गल्लीतली एक मुलगी वडिलांबरोबर बोअरचं पाणी तपासायला घेऊन आली होती. सोनिया जंजाळ तिचं नाव. वडील मेघाशी बोलत होते तेवढ्यात तिनं टेबलावरची पुस्तकं चाळली आणि विचारलं, "तू कोणत्या शाळेत?"

"मी घरीच शिकते."

"एकटीच?"

"हो."

सोनियानं खरोखर काळजीनं विचारलं, "मग भांडती कुणासंगं?"

तनुजाला याचं उत्तर आठवेना, काढता येईना, आणि कुठं पाहावं तेही कळेना. त्या रात्री तिनं आईवडिलांना सांगितलं की तिला सोनियाच्या शाळेत जायचंय. मेघा म्हणाली, "बरं." रामकिसन दुसऱ्या दिवशी गुलमंडीच्या बाजारात जाऊन दप्तर घेऊन आले. दप्तर इतकं मोठं होतं की त्यात तनुजाच बसली असती.

मुख्याध्यापिका पाथ्रीकर मॅडम सरळ बोलणाऱ्या होत्या. "वयानं नववी होते, ते मी नाकारत नाही," त्या मेघाला म्हणाल्या. "पण इतक्या वर्षांचं हिच्याजवळ काहीच नाही, ना निकाल, ना हजेरी. पहिल्या घटक चाचणीपर्यंत नववीत बसू दे. सगळ्या विषयांत नीट पास झाली तर नववी पक्की. नाहीतर आठवी. मान्य?"

"मान्य," मेघाच्या आधी तनुजाच म्हणाली.

नववीच्या वर्गात तिला सोनियाशेजारी जागा मिळाली, खिडकीकडून दुसरा बाक. पहिले काही दिवस तिच्या चुकाच चुका झाल्या. सर वर्गात आल्यावर उभं राहायचं असतं हे तिला बाकीचे उभे राहिलेले दिसल्यावर कळे, त्यामुळे ती नेहमी एकटीच उशिरा उठे. तहान लागली की ती उठून पाणी प्यायला जाई, न विचारता. इतिहासाच्या बाईंनी "समजलं का सगळ्यांना?" असं विचारलं तेव्हा सगळा वर्ग "हो" म्हणाला आणि तनुजा म्हणाली, "नाही." बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. वर्ग हसला. पण बाईंनी पुन्हा सांगितलं, आणि मागच्या बाकावरचा ऋतुराज सुट्टीत येऊन म्हणाला, "खरात, असंच रोज नाय म्हणत जा. दुसऱ्यांदा सांगितलं ना, मला बी कळलं."

हाच ऋतुराज तिला आठवीवरून चिडवी. शाळेत खिचडी आठवीपर्यंतच मिळत असे. खिचडीचा वास वर नववीच्या वर्गापर्यंत आला की तो म्हणे, "कशाला एवढा अभ्यास करती? नापास हो, आठवीत जा. फुकट खिचडी. आमच्या नशिबात नाय ते."

"तुझ्या नशिबात आठवी पुन्हा हाय, गप बस," सोनिया म्हणे.

तनुजाला हे सगळं आवडत होतं. गोंगाट आवडत होता, डब्यातली भाकरी अर्धी देऊन त्या बदल्यात कुणाचीतरी पोळी घेणं आवडत होतं. घरी तिचा विचार कुणी मध्येच तोडत नसे. इथं तो दर दोन मिनिटांनी तुटे, आणि तुटलेल्या जागी दुसऱ्याचा विचार येऊन बसे. ही गंमत तिला नवीन होती. आता आठवीत जावं लागलं तर चालणार नाही, हे तिला फार लवकर कळून चुकलं. आठवीचा अभ्यास सोपा होता म्हणून नव्हे. आठवीत सोनिया नव्हती.

घटक चाचणीचा पहिलाच पेपर विज्ञानाचा होता. आदल्या दिवशी विज्ञानाचे सुरडकर सर, जे त्यांचे वर्गशिक्षकही होते, जाता जाता म्हणाले, "घाबरायचं काय नाय. बोर्डाची परीक्षा नाय ही. घरी बसून लिहिता ना, तसं निवांत लिहा."

तनुजानं तसंच लिहिलं.

दप्तरं बाकाखाली होती. पर्यवेक्षणाला चित्रकलेचे तुपे सर होते. गतीच्या समीकरणाची सिद्धता तिनं आलेख काढून केली आणि समासात 'का' लिहिलं. व्याख्या लिहिल्या, 'आ' लिहिलं. मग रेणुसूत्रांचा प्रश्न आला. त्यात कॅल्शिअम फॉस्फेट होतं, आणि फॉस्फेटची संयुजा तिला आठवेना. घरी संयुजांचा तक्ता भिंतीवर होता. मान वर केली की दिसे. तिनं सवयीनं मान वर केली. समोर फळा होता. तेव्हा ती वाकली, दप्तरातून विज्ञानाचं पुस्तक काढलं, बाकावर ठेवलं, पान शोधलं, तक्त्यावरून बोट फिरवलं, फॉस्फेट तीन, पुस्तक मिटलं, पुन्हा दप्तरात ठेवलं, चेन लावली, आणि सूत्र लिहून समासात स्वच्छ अक्षरात 'पा' लिहिलं.

सोनियाचं पेन हातातल्या हातात थांबलं होतं. "अगं येडे," ती ओठ न हलवता म्हणाली, "काय केलंस?"

"फॉस्फेट पाहिलं," तनुजा नेहमीच्या आवाजात म्हणाली.

सगळ्या वर्गानं ते ऐकलं. तुपे सरांनीही ऐकलं. ते जवळ आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा गोंधळच जास्त होता. त्यांच्या नोकरीत कॉप्या करणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण त्यांतल्या कुणीच पुस्तक परत ठेवून दप्तराची चेन लावली नव्हती.

"पुस्तक काढलंस तू?"

"हो सर."

"परीक्षेत?"

"हो सर. लिहिलंय मी तसं." आणि तिनं समासातला 'पा' दाखवला.

मागून ऋतुराजचा आवाज आला, "डेअरिंग!" तेव्हा कुठं तनुजानं वर्गाकडे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. आपण काय केलं ते तिला त्याच क्षणी कळलं. कॉपी म्हणजे लपवून पाहणं, चोरून लिहिणं, अशीच तिची समजूत होती. नुसतं पाहणंही चालत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ऑफिसातून घरी फोन गेला. मेघा पाण्याचे नमुने आणायला बिडकीनला गेलेली, संघपाल पाळीवर. म्हणून रामकिसन आले. धुतलेला पांढरा सदरा घालून, केस विंचरून, नातीच्या शाळेत ते पहिल्यांदाच येत होते. दारातच त्यांनी तनुजाला विचारलं, "काय झालं?"

"आबा, मी परीक्षेत पुस्तक काढलं."

"कुणाचं?"

"माझंच."

रामकिसन खुर्चीवर बसले. मॅडमच्या टेबलावर उत्तरपत्रिका होती, आणि सुरडकर सर शेजारी उभे होते.

"नियमानं पेपर रद्द होतो," पाथ्रीकर मॅडम म्हणाल्या. "आणि हिचं तर सगळं या चाचणीवरच ठरणार होतं."

"नियम असंल तो लावा," रामकिसन म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला होता. "पण पोरगी चोर नाय. हे घरच्या शाळेचं काम हाय. मी पाच वर्षं बोंबलतोय."

सुरडकर सर पेपर वाचत होते. "तनुजा, हे आ, का, पा काय आहे?"

तिनं सांगितलं. एकेक अक्षर दाखवत पूर्ण सांगितलं: आठवून, काढून, पाहून. सरांनी पुन्हा सगळा पेपर वरून खाली पाहिला. 'पा' एकच होता.

"मॅडम," ते म्हणाले, "चूक माझी बी आहे. घरी लिहिता तसं लिहा, असं मीच म्हणालो होतो वर्गात."

"म्हणून काय झालं?" मॅडम म्हणाल्या. "मी हिचा 'पा' मान्य केला तर उद्या सगळी शाळा समासात 'पा' लिहून मोकळी होईल. तो ऋतुराज तर नावापुढंच लिहील."

हे ऐकून रामकिसनना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घालवलं. मॅडमच्या चेहऱ्यावरची घडीही थोडी सैल झाली. त्यांनी पेपर उलटा ठेवला.

"हा पेपर रद्द. बाकीचे विषय होऊ देत. शनिवारी विज्ञानाचा नवा पेपर. पण आता नुसतं काठावर पास चालणार नाही, पहिल्या वर्गाचे मार्क पाहिजेत. ते आले तर नववी. नाही आले तर सोमवारपासून आठवीत. इथं ऑफिसात बसून लिही, माझ्यासमोर."

तनुजानं मान हलवली. मग म्हणाली, "मॅडम, वर्गात बसून लिहिलं तर चालेल?"

"का?"

"एकटीनंच लिहायचं असतं तर मी घरीच होते."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. शनिवारी पहिला तास चित्रकलेचा असे. "तुपे सरांच्या तासाला, आपल्या जागेवर," त्या म्हणाल्या. "आणि दप्तर इथं, ऑफिसात."

संध्याकाळी मेघा घरी आली तेव्हा रामकिसन प्रयोगशाळेच्या दारातच उभे होते.

"पाच वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "परीक्षेत पुस्तक काढायचं नसतं, एवढंच सांगायचं राहिलं का तुझं?"

मेघानं बाटल्यांची पेटी खाली ठेवली. तनुजानं सगळं सांगितलं. ऐकून मेघा बराच वेळ हात धूत राहिली. मग म्हणाली, "राहिलंच, मामा. सुचलंच नाही मला."

"आता सुचलं ना? मग उतरव तो भिंतीवरचा तक्ता."

मेघानं तक्ता उतरवला नाही. पण टेबलाची जागा बदलून तोंड खिडकीकडं केलं, म्हणजे मान वर केली तरी समोर रस्ता दिसेल.

तो आठवडा तनुजाला पुढंही आठवत राहिला, आणि आश्चर्य म्हणजे चांगलाच आठवत राहिला. रोज शाळा सुटली की सोनिया तिच्याबरोबर घरापर्यंत येई आणि वाटेत मूलकांची संयुजा पाढ्यांसारखी म्हणायला लावी. नायट्रेट एक, क्लोरेट एक, सल्फेट दोन, कार्बोनेट दोन. पावलागणिक एक. रस्ता ओलांडताना थांबलं की पाढाही थांबे.

"हे असं म्हणून काय समजतं?" तनुजानं पहिल्या दिवशी विचारलं.

"समजायचं नसतं. पाठ करायचं असतं. समजायचं असलं की मी तुला विचारीन."

आणि ती खरंच विचारी. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर कसं काय, हे सोनियाला वर्गात समजलं नव्हतं. तनुजानं प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून खडूनं जमिनीवर आकृती काढली आणि समजावलं. सोनिया म्हणाली, "आधी का नाय सांगितलं? मी त्या पेपरात गप्पा मारल्यात नुसत्या."

बाकीचे पेपर बरे गेले. शनिवार आला. दप्तर ऑफिसात ठेवून तनुजा वर्गात आली. सुरडकर सरांनी नवी प्रश्नपत्रिका दिली आणि ते शेजारच्या वर्गावर गेले. वर्गात तुपे सरांनी सगळ्यांना स्थिरचित्र काढायला सांगितलं होतं: टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि एक छत्री. सगळीकडे पेन्सिलींची खरखर होती. "सर, छत्री उघडून काढायची का?" असं ऋतुराजनं विचारलं आणि बोलणी खाल्ली.

तनुजानं लिहायला सुरुवात केली. समास मोकळा सोडला. तो मोकळा सोडताना हात दरवेळी थोडा अडखळे. तिची अडचण वेगळीच निघाली. घरी वेळेचं बंधन नसे, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मुळापासून मांडायची तिला सवय होती. पहिल्या सिद्धतेतच तासातला निम्मा वेळ गेला. मग तिनं वेग वाढवला, अक्षर बिघडलं, आणि ती संयुजांच्या प्रश्नाशी आली. चार मूलकं होती. अमोनिअम, एक. फॉस्फेट, तीन, ते ती आता जन्मात विसरणार नव्हती. परमँगनेट, एक. डायक्रोमेट.

डायक्रोमेट येईना. तिनं मनातल्या मनात पाढा सुरुवातीपासून म्हटला, पावलं टाकल्यासारखे बाकाखाली पायही हलवले. पाढा दर वेळी त्याच जागी अडकला. तिनं विचार करून काढता येतं का पाहायचं ठरवलं, आणि डोळे मिटून उघडले तेव्हा तिला शेजारी सोनियाचा हात दिसला. सोनियाची नजर वांग्यांवर होती. डावा हात बाकाच्या कडेला होता आणि त्याची दोन बोटं सरळ होती.

दोन.

आणि लगेच, खरोखर लगेच, तिला आईच्या कपाटातली नारिंगी रसायनाची बाटली दिसली. पोटॅशिअम डायक्रोमेट. लेबलवर सूत्र होतं आणि त्यात पोटॅशिअमचे दोन अणू होते. पोटॅशिअम एक, दोन वेळा, म्हणजे डायक्रोमेट दोन. उत्तर काढता येत होतं. साधं होतं. पण बाटली आठवली ती बोटं दिसल्यावर. बोटं दिसली नसती तर आठवली असती का? कदाचित आठवली असती. कदाचित नसती. हे तपासून पाहायचा आता कोणताच मार्ग नव्हता.

तिनं डायक्रोमेटपुढची जागा तशीच सोडली आणि पुढचा प्रश्न घेतला. तो निम्मा झाला तेव्हा घंटा वाजली. शेवटचा प्रश्न राहूनच गेला.

सुट्टीत सोनियानं तिला जिन्यात गाठलं. "दिसलं होतं ना तुला?"

"हो."

"मग लिहिलं का नाय?"

"दिसलं म्हणूनच."

सोनिया तिच्याकडं बघतच राहिली. "मी तुझ्यासाठी बोटं दाखवली. तुपे सरांनी बघितलं असतं तर मला बी ऑफिसात नेलं असतं, नाय? अन् तू म्हणतीस दिसलं म्हणून लिहिलं नाय. शेवटचा प्रश्न बी राहिला तुझा. मग आठवीत बसशील का आता जाऊन?"

परत वर्गात आल्यावर सोनियानं आपलं दप्तर दोघींच्या मध्ये बाकावर ठेवलं, आणि दुपारी शाळा सुटल्यावर ती थांबली नाही.

घरी तनुजानं जेवताना सगळं सांगितलं. मेघानं ऐकलं आणि हळूच म्हणाली, "बाटली तुझीच होती, तनू. लिहिलं असतंस तरी मला चाललं असतं."

"खरंच?"

मेघानं विचार केला. "नाही," ती म्हणाली. "नसतं चाललं."

रामकिसन भाकरी कुस्करत होते. "तू बरोबर केलं, ते बरोबर केलं," ते म्हणाले. "पण त्या पोरीनं काय केलं ते बी बघ. तिनं स्वतः धोका पत्करून हात पुढं केला. हात नको घेऊ, पण तू हात दिला हे मला कळलं, एवढं तरी म्हण तिला. नुसतंच दिसलं म्हणून नाय लिहिलं! असं बोलतेत का माणसाशी?"

"मग कसं बोलायचं, आबा?"

"ते शिकायलाच शाळंत घातलंय तुला," रामकिसन म्हणाले आणि सुनेकडं बघून भाकरीचा घास घेतला. मेघानं त्यांना आणखी डाळ वाढली.

सोमवारी दप्तर मध्येच होतं. परिपाठ झाला, हजेरी झाली. सुरडकर सर यायला अजून वेळ होता. तनुजानं दप्तरावरून पलीकडं पाहत म्हटलं, "तू बोटं दाखवलीस ते मला आवडलं."

सोनिया पुस्तकात बघत होती.

"उत्तर मला घ्यायचं नव्हतं. पण तू दाखवलंस ते आवडलं. आधी सांगायला पाहिजे होतं, ते मला जमलं नाही."

"येडी हाईस का गं तू?" सोनिया म्हणाली, पण आवाज शनिवारचा नव्हता. "असं कुणी म्हणतं का तोंडावर?"

"आबा म्हणाले, म्हण."

सोनियाला हसू आलं, ते तिनं दाबलं, आणि तेवढ्यात सर आत आले. या वेळी तनुजा सगळ्यांबरोबर उभी राहिली. सरांच्या हातात एकच पेपर होता. त्यांनी तो तिच्या बाकावर ठेवला आणि सगळ्यांसमोरच बोलले, कारण सगळ्या वर्गालाच ते ऐकायचं होतं.

"खरात, पहिला वर्ग. जेमतेम. शेवटचा प्रश्न लिहिला असतास तर बरे मार्क पडले असते. सिद्धता एवढी लांब कशाला लिहायची? माझ्यावर विश्वास नाय का तुझा?" वर्ग हसला. "मॅडमनी सही केली. नववी पक्की. बस आता."

मागून ऋतुराज म्हणाला, "गेली खिचडी!"

तनुजा बसली. तिला पेपरावरचे लाल आकडे नीट दिसत नव्हते, म्हणून ती खिडकीबाहेर पाहत राहिली. तिथं मैदानात लहान मुलांची कवायत चालली होती आणि एक मुलगा सगळ्यांच्या उलट बाजूला हात करत होता. शेजारी दप्तर सरकल्याचा आवाज आला. सोनियानं ते उचलून बाकाखाली ठेवलं आणि कोपरानं तिला ढोसलं. "सरक थोडी. तुझी वही बघू दे, माझी घरी राहिली."

सरांनी फळ्यावर नवा धडा लिहिला आणि विद्युतमंडलाची आकृती काढायला घेतली. त्यांना गोल काढता येत नसे. विजेचा दिवा त्यांनी काढला तो शनिवारच्या स्थिरचित्रातल्या वांग्यासारखा दिसायला लागला. सोनिया वाकून तनुजाच्या कानात म्हणाली, "देठ राहिला." तनुजा मोठ्यानं हसली. घरी हसू दाबायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

सर वळले. हातातला खडू तसाच. "कोण हसलं?"

सगळ्या माना वह्यांमध्ये गेल्या. सोनियानं बाकाखालून तनुजाचा गणवेश घट्ट धरला, पण तोवर ती उभी राहिली होती.

"मी, सर."

सर तिच्याकडं बघत राहिले. विचारल्यावर कुणी उभं राहील, अशी त्यांची अपेक्षा नव्हती, त्यामुळे पुढं काय म्हणायचं ते त्यांच्याजवळ तयार नव्हतं. मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, मग अख्खा वर्ग, आणि शेवटी सरांच्या मिशीखालीही हसू पोचलं.

"बस," ते म्हणाले. "बस खाली. अन् सोनिया, तिचा गणवेश सोड. फाटंल."